दरीपलीकडची

तुझा आवाज बसला, असं तुझा इद्रिस सांगत आला.
बसला तर उठेलही, मी म्हटलं,
आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

तीस वर्षं भांडलो आपण, नाझमिये,
हेझलनटच्या सात झुडपांवरून,
मधे दरी, खाली पाणी,
एकमेकींच्या उंबऱ्याला पाय न लावता.
तुझी पहिली शिवी कानावर आली
की कळायचं, धुकं वर सरकलंय,
आता चहाची पानं खुडायला निघावं.

मग गिरेसुनच्या इस्पितळात
तुझ्या थायरॉइडची गाठ काढली.
अक्रोडाएवढी, इद्रिस म्हणाला.
लिंबाएवढी, त्याची बहीण म्हणाली.
गाठीमागून एक नस जाते म्हणे,
शिवणाच्या दोऱ्याइतकी,
तिला धक्का लागला.
डॉक्टरीणबाईंच्या मते नस रुसली आहे,
सहा महिने वाट बघायची.
तुझीच नस ती. रुसणारच.

त्या आठवड्यात माझी घडी बिघडली.
तीनदा उशिरा उठले.
एकदा मीच ओरडून बघितलं पलीकडे,
झुडपांचं जुनंच काहीतरी,
उत्तर आलं नाही
आणि मला आपली शिवी
गाठोड्यासारखी परत घरात आणावी लागली.

शेवटी साखरेचा पुडा घेऊन खाली उतरले,
ओढ्यावरची फळी ओलांडली,
गुडघे बोलत होते, तेवढंच.
तू ओट्यावर, हातात घड्याळ.
पहाटेची गोळी रिकाम्या पोटी,
मग अर्धा तास चहा नाही.
चहाच्या मळ्यात बसून चहाची वाट बघणारी बाई
मी पहिल्यांदा पाहिली.
हनुवटी छातीला टेकवून पाणी प्यायलीस,
तरी ठसका लागला.
बोटांना मुंग्या आल्या, कॅल्शियम चघळलंस.
रुमाल सरकला तेव्हा दिसली
गळ्यावरची लाल रेघ, अजून ओली असल्यासारखी.

काहीतरी बोललीस.
ऐकू येईना, म्हणून वाकले,
तुझ्या ओठांशी कान नेला,
मलमाचा वास आला,
आणि वाऱ्यासारख्या त्या आवाजात
तू मला चोर म्हणालीस.
इतक्या जवळून शिवी ऐकायची
मला सवय नव्हती.
मी चहा ओतला.

तेवढ्यात नातवाचा फोन, हॅम्बुर्गहून.
तू बोललीस, बोललीस,
तो विचारत राहिला,
आजी, तिकडे वारा सुटलाय का?
तू फोन माझ्याकडे दिलास.
हो, मी म्हटलं. खूप सुटलाय.

पाचवा महिना लागला. नस हलली नाही.
गाय तुझ्या हाकेला मान वळवत नाही,
इद्रिस ताट वाजवून तिला बोलावतो.

आणि काल पहाटे, धुकं अजून खालीच,
पलीकडून नुसती हवा आली.
पुन्हा हवा.
मग एक शिट्टी, तुटकी,
आपल्या आज्या डोंगर ओलांडून बोलायच्या तशी.
कवळी लागल्यापासून तू सोडली होतीस ती.
कवळी काढून ठेवली असशील,
बोट दुमडून जिभेखाली घातलं असशील.
शिट्टीला गळ्यातली नस लागत नाही,
हे त्या डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं नसावं.

शब्द जोडत जोडत ऐकले:
हाजेर, तुझी बकरी
माझ्या घेवड्यात शिरली आहे.

बकरी मी तीन वर्षांपूर्वी विकली, नाझमिये.
तुला ठाऊक आहे.
अंगणात आले, पदराला हात पुसले,
दोन बोटं ओठांशी नेली
आणि कळवलं,
बांधते.