दोन बोटं कागद

गुजराथी डॉक्टरांचा चोपड्याचा दवाखाना विकला गेला.
टेबल, काचेचं कपाट, वजनकाटा भंगारात,
ही तसबीर माझ्या दुकानात.
लेक म्हणाल्या, काच तडकलीय, फ्रेम नवी करा,
आतली पट्टी आहे तशीच ठेवा. रुंद.
सोमवारी पुण्याला न्यायचीये.

चुका काढल्या. मागे कसर लागलेली,
चौपन्न सालच्या कापसाच्या भावाचा कागद डकवलेला.
मग तो पुरता दिसला:
अडीचशे वर्षांपूर्वीचा विलायती शस्त्रवैद्य,
तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उतरवलेला.
पडदा. खांब. चार जाड पुस्तकं.
कवटीवर बोटं अशी, जशी पाटलाची तक्क्यावर.
नखं आहेत, नखांत काही नाही.
मनगटाची झालर पांढरीशुभ्र,
म्हणजे तेवढा कागद नुसता सोडलाय, एकही रेघ न मारता.

बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली,
"हाऊ कोन शे?"
म्हटलं, चिरफाड करणारा डॉक्टर.
"मंग रगत कोठे शे?"

खाली बारीक अक्षरं. शेजारच्या पोराने वाचली:
अमुक सरदारांच्या सेवेशी सादर.
डावीकडे चितारणाऱ्याचं नाव,
उजवीकडे कोरणाऱ्याचं, मुंगीएवढं.
ज्याचा पाय कापला त्याचं कुठेच नाही.

डोक्यावर केसांचा टोप, वळीवर वळी.
कुणा गरिबाच्या पोरीने विकले असतील.
आमच्या जातीला हे आधी दिसतं.

माझा आजा धुडकू वारिक.
लासूर ते धानोरा, सातपुड्याच्या पायथ्याने पायी,
दाढी करी, गळू फोडी, निखळलेला खांदा बसवी,
जखमेवर केळीचं कोवळं पान बांधी.
वस्तरा एकच, सगळ्याला.
लोक त्याला ओट्याखाली बसवत,
कळ थांबली की धोतराच्या सोग्यात
वरून दादर ओतत.
त्याची तसबीर नाही.
तालुक्याच्या एका कागदावर अंगठा आहे,
विनापरवाना इलाज, दंड रुपये पाच.

पट्टी सैल झाली. तिच्याखाली दोन बोटं कागद,
इतक्या वर्षांत उजेड न लागलेला.
टेबलाखाली, आडव्याउभ्या रेघांच्या दाट काळोखात
एक थाळी. कडेला चंद्रकोरीएवढा चावा घेतलेला.
भिंग धरलं. कशाची असेल?
नकळत मान पुढे गेली,
हात हनुवटीखाली गेला,
आणि कळलं.
गळ्याला टेकवायची. फेस अंगावर पडू नये म्हणून.

म्हणजे तूही.
म्हणजे तुझा बाप, नाहीतर त्याचा,
वस्तरा पारजत बसला असेल कुणाच्या ओट्याखाली,
आणि तू पुस्तकं रचलीस, खांब उभा केलास,
सरदाराला वाकलास,
थाळी टाचेने मागे सारलीस.
की कोरणाऱ्याने ठेवली?
तोही धारेवरच पोट भरणारा,
कुणाला न विचारता?
माहीत नाही.

गुजराथी डॉक्टर चांगला माणूस.
माझ्या बापाचं हर्नियाचं ऑपरेशन फुकट केलं.
त्यांनी मुद्दाम झाकलं असेल,
किंवा नुसतं माप चुकलं असेल.

सोमवारी बाई आल्या.
"पट्टी अरुंद वाटतेय."
म्हटलं, कागद खालपर्यंत होता, ताई.
त्यांनी पैसे मोजले,
गाडीच्या मागच्या सीटवर त्याला आडवा ठेवला,
तोंड वर, गळा उघडा,
दाढीला घेतात तसा.