कानस आणि कान

पुढच्या पायाच्या नडगीत, गुडघ्याच्या जरा खाली,
तिळाएवढी फट: तो कान.
डाव्या पंखाच्या पोटाशी दातेरी रेघ: ती कानस.
उजव्या पंखाची कड तिच्यावर घासते
आणि खोगिराएवढ्या त्या आखूड पंखांतून
(उडणं यांनी केव्हाच सोडून दिलं)
नर आपलं नाव सांगतो.

म्युझेय्येनबाईंनी चाळीस वर्षं हेच मोजलं.
कानशीचे दात. शेपटाकडच्या चिमट्यांचा बाक.
मादीच्या अंडी घालायच्या कोयतीवरची बारीक करवत.
इसोफिया ही प्रजाती; तिचे ठिपके
कार्पेथियनपासून बाल्कन, अनातोलिया, थेट कॉकेशसपर्यंत,
आणि जातींची गणती दर दरीला बदलते,
कारण पंखच नाहीत, तर डोंगर ओलांडतंय कोण?
धनगर दुरसुन म्हणतो, हिरवा किडा तो हिरवा किडा.
स्वतः मात्र अंधारात, नुसत्या खोकण्यावरून
साठ मेंढ्या वेगळ्या ओळखतो.

आर्तविनच्या वरच्या कुरणात दोन जाती राहतात,
चिमट्यात धरून पाहिल्या तरी एकच वाटतात.
एकीच्या गाण्याला शेवटी एक टिक आहे.
दुसरीला नाही.
एवढंच.

गेल्या जुलैत बाईंनी वहीत लिहिलं:
एकही नाही. गवत लवकर कापलं, की नवा रस्ता, की औषधं?
तीन रात्री त्या शोकात होत्या, चहा गार होत होता.
चौथ्या दिवशी मधमाश्यांवाल्याची एलवान आली, वय नऊ,
आणि कुंपणापाशीच कानांवर हात दाबून म्हणाली,
"ई! किती ओरडतायत!"

बाईंनी वहीतली ओळ खोडली.
खोडताना पेन कागदातून आरपार गेलं.

आता एलवान पालथी पडून ऐकते.
टिक आली की बोट वर. बाई लिहितात.
डबीतल्या चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख,
पकडणाऱ्याचं नाव, एवढेच रकाने.
ऐकणारीचा रकाना नसतो. बाईंनी मागच्या बाजूला लिहिलं.

"आपलं बोलणं ऐकू येतं का त्यांना?"
"येत असेल. पण कान पायात आहे हं."
मग एलवान गवतात आणखी खाली सरकली,
हिरव्या नडगीशी तोंड नेऊन
हळूच स्वतःचं नाव सांगितलं.

किडा गप्प.
वारा. खाली कुठेतरी दुरसुनचा कुत्रा.
पेन टेकवून ठेवलेल्या बाईंनी
थोड्या वेळाने विचारलं,
"चालू आहे ना अजून?"