पाच नंबरचा शर्ट

रविवारी रात्री शर्ट माझ्या अंगणात येतात,
बदलीचे धरून चौदा-पंधरा.
बेचाळीस वर्षं धुतेय. पैसे घेत नाही.
साबण क्लबचा, आणि स्टँडातली एक खुर्ची,
जिच्यावर बसून मला शिव्या देता येतात.

सामना बघून जे कळत नाही ते टबात कळतं.
नऊ नंबरची माती पाठीवर: पाडला गेला, किंवा पडला.
बॅकची कुशीला.
दहा नंबर बहुतेक वेळा कोरडाच, वर अत्तराचा वास.
आणि पाच.
आमच्या साल्तोत पाच म्हणजे मधला, मैदानाचा राखणदार.
ओसिरिस तेचेराचा पाच मी तीन पाण्यांतून काढायचे
तरी चौथं गढूळ.
शिवणीत गवत, बाहीला रक्त,
एकदा कुणाचा तरी दात. खरंच. कॉलरमध्ये.

जानेवारीत वाल्देमारसाहेबांनी तेचेरा विकला.
स्टँडावर नवे पत्रे आले, ते नाकारत नाही.
उरलेल्या पैशांत दोन दहा नंबर आणले.
दोन!
मी म्हटलं, साहेब, वरातीत नाचणारे आणलेत,
मांडवाचे खांब कोण रोवणार?
ते म्हणाले, नेल्बा, लोक गोल बघायला येतात.
लोक आले. गोल बघितले.
आमच्यावर झालेले.

पायसांदूच्या पोरांविरुद्ध मधोमध एवढी जागा मोकळी
की एखादी गाय निवांत चरली असती.
त्या रात्री टेबलावर कपड्यांचे अकरा चिमटे मांडले.
एक पुढे सरकवला की मागे भोक,
मागे आणला की पुढचे उपाशी.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात,
इथे पायच आधी विकत आणले होते.
दीड वाजता मी दोन्ही दहा उचलून
साखरेच्या डब्यात टाकले
आणि झोपले.

एप्रिलात, संत्र्यांची तोडणी सुरू झाली तेव्हा,
आर्तिगासहून एक पोरगा आला, नाहुएल पेद्रोसो.
एकोणीस वर्षांचा, उसना, फुकट.
पहिल्या सामन्यानंतर त्याचा पाच हातात घेतला:
एक डाग नाही.
तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.
हा बघा तुमचा राखणदार, इस्त्रीसुद्धा मोडली नाही.
ते म्हणाले, आपण जिंकलो, नेल्बा.
योगायोग, मी म्हटलं.
दुसरा सामना, स्वच्छ. तिसरा, स्वच्छ.

चौथ्याला ठरवलं, चेंडूकडे बघायचंच नाही.
नव्वद मिनिटं फक्त हा.
शेजारचा गोल गोल ओरडला तरी मान वळवली नाही.
पोरगा दोन पावलं चालायचा, इतकंच.
कधी डावीकडे, कधी मागे,
हातानं बॅकला खुणवायचा, तू जा, मी आहे.
आणि समोरच्यांचा आठ नंबर पास द्यायला पाय उचलायचा,
थांबायचा,
मागे वळायचा.
पुन्हा पुन्हा.
तेचेरा धावत जाऊन आग विझवायचा.
या पोरानं काडेपेटीच खिशात घातली होती.
आणि तेच दोन दहा, साखरेच्या डब्यातले,
एकदम खेळाडू दिसायला लागले.

त्या रात्री त्याचा शर्ट उलटा करून पाहिला.
पाठभर घामाचं मीठ, गळ्यापासून कमरेपर्यंत.
ते आधीच्या तिन्ही वेळी असणारच.
मी मातीच शोधत होते.

आता झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं.
एकोणनव्वदला आमच्याकडे रुबेन इफ्रान होता, पाच नंबर.
त्याचाही शर्ट असाच यायचा.
मी त्याला 'कोरडा' म्हणायला लागले,
मग सगळं स्टँड म्हणायला लागलं,
पुढच्या मोसमात तो नव्हता.
हल्ली वखारीवर ट्रक चालवतो.
गुरुवारी थर्मॉस भरायला कोपऱ्यावरच्या दुकानात येतो,
मला बघून मान हलवतो.
मीही हलवते.
गेल्या गुरुवारी पाणी उकळेपर्यंत
आम्ही दोघं तिथेच उभे होतो.
पाऊस पडेल बहुतेक, मी म्हटलं.