सां रोकचा कुत्रा

माझं नाव रोक.
बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं
तेव्हा म्हणे मी एवढा ओरडलो
की धर्माची आई म्हणाली, ह्याला पदेरच करा,
भोंपूचे पैसे वाचतील.

पदेरच झालो.
रात्री दोनला भट्टी, पहाटे पाचला सायकल,
टोपलीत निळ्या प्लास्टिकखाली
उंडे, कातरे, कांकणं
आणि तळाशी कोंड्यात लोळलेल्या पोळ्या,
साखरेचा आजार असलेल्यांसाठी.

असोळण्याला आमच्या वाड्यावरच्या कोपेलात
माझ्या नावाचा संत उभा आहे,
अंगरखा वर उचलून
मांडीवरची जखम दाखवत.
लहानपणी मला त्याची लाज वाटायची.
बाकीच्यांचे संत बघा,
कुणाच्या हातात किल्ल्या, कुणाच्या हातात लिली,
एक तर घोड्यावरून अजगराच्या जबड्यात भाला खुपसतोय.
आणि आमचा हा,
जणू सरकारी दवाखान्याच्या रांगेत.

पायाशी कुत्रा. कुत्र्याच्या तोंडात पाव.
एका वर्षी रंगाऱ्याने तो इतका पिवळा केला
की पोरं त्याला आंबा म्हणायची.

उर्सुला टीचर दोतोर्नीला सांगायची:
प्लेग आला, ह्याने रोग्यांची सेवा केली,
मग ह्यालाच रोग झाला,
आणि गावाला ताप नको म्हणून रानात जाऊन पडला.
रोज एक कुत्रा पाव घेऊन यायचा.
मग विचारायची,
सां रोकसारखं कोण होणार?
सगळ्यांचे हात वर.
माझे दोन्ही.

बांधापलीकडे, मानशीजवळ, कुस्तोद राहतो.
त्याने मडगावच्या कोर्टात
पवित्र पुस्तकावर हात ठेवून खोटं सांगितलं,
आणि आमच्या भट्टीची अर्धी जागा गेली.
माझ्या बापाने त्याचं नाव पुन्हा घेतलं नाही.
त्या वळणावर आला की फक्त थुंकायचा.
बापाकडून मला सायकल मिळाली, भोंपू मिळाला
आणि ते वळण.
तिथं मी भोंपू वाजवत नाही.
पंधरा वर्षं.

ह्या फेस्ताला
मी लाल ओप-मूर्स घालून मेणबत्ती धरून चाललो होतो.
ऑगस्ट, छत्र्या, चिखल,
बँडवाल्याच्या ट्रम्पेटात पाणी.
संताची पालखी मानशीपाशी थांबली,
आणि समोर बल्कांवावर कुस्तोद,
पोरं स्विंडनला, बायको दफनभूमीत,
पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली,
पाय स्टुलावर,
पट्टी पिवळी पडलेली.
वास आमच्यापर्यंत आला.
कुणीतरी लादाइन मोठ्याने म्हणायला लागलं.

मी एकदा संताकडे बघितलं,
एकदा त्याच्याकडे.
तोच पाय. तसाच उघडा.
चित्र सगळं जुळत होतं,
फक्त
ह्याच्या पायाशी कुणी नव्हतं.

मेणबत्ती विझली होती. पावसाने.
मी ती तशीच धरून चालत राहिलो.

रात्री भट्टीत कणीक मळताना हिशेब केला.
संत होणं ह्या जन्मी जमायचं नाही,
एवढी मोठी जखम माझ्याकडे नाही,
असली तरी मी ती झाकली असती.
पण दुसरी जागा रिकामी होती,
आणि त्या कामाचा मला अनुभव होता.

पहाटे वळणावर थुंकी गिळली.
भोंपू वाजवला.
त्याला नीट दिसत नाही.
“कोण रे तूं?” म्हणाला.
बापाचं नाव जिभेवर आलं,
ते मी तिथंच ठेवलं.
“पदेर,” म्हटलं.
दोन पोळ्या हातात दिल्या.
तो हुंगत राहिला बराच वेळ.
“कितले?”
“महिन्याअखेर.”

क्षमा केली का? ठाऊक नाही.
कन्फेसांवाला हा प्रश्न मी विचारला नाही,
पाद्रीनेही काढला नाही.
काल तर म्हातारा म्हणाला,
पोळी करपली आहे,
तुझा बाप बरी भाजायचा.

म्हणजे ओळखलंय.
पहिल्या दिवसापासून ओळखलं असेल.
घशात केवढं काय काय वर आलं,
पंधरा वर्षांचं,
पण तोंडात पाव धरला
की भुंकता येत नाही.

उद्या थोडी कमी भाजेन.