दुसरं अक्षर

गिंताउतास साहेबांचा निरोप दोन ओळींचा:
नेटवर्कवर चौदा अनोळखी.
शुक्रवारनंतर एकही नको.

क्लाइपेडात जानेवारी. चारलाच दिवे.
ग्रंथालयाच्या तळघरात स्किरमांते
कोट न काढताच बसते
आणि हाळी देते: या पत्त्यावर कोण?
ज्याचा असेल तो म्हणतो, मी,
आणि सांगतो बारा अक्षरं,
अंगावरच्या जन्मखुणेसारखी.

पहिली सहा घराण्याची.
तेवढ्यावरून कळतं कुठल्या कारखान्यातलं,
कोणाच्या पोटचं. आपण नाही का,
आडनाव ऐकलं की लगेच,
म्हणजे मूळचे कुठले?
उरलेली सहा ज्याची त्याची.

पहिला निघाला दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर.
मग कॉफीचं मशीन, रोज पहाटे
दुधाचा हिशेब कुठल्याशा दूरच्या शहराला कळवणारं.
एकाचं घराणंच बुडालेलं. कंपनी विकली,
मग विकत घेणारीही विकली.
केबलचा माग काढत ती बालविभागात पोचली
तर छताच्या पाट्यांआड एक तापमापक
सात वर्षं एकटाच
अठरा अंश, अठरा अंश म्हणत होता.
दोन ग्रंथपालांची घड्याळं.
एक वजनकाटा; तो इथे कसा, कुणी सांगेना.
झाडू मारणारी झिबुओक्ले तेवढी लाजली.

गुरुवारपर्यंत तेरा मिटले.

चौदावं सहानंतर येतं.
रोज बारा अक्षरं नवी.
तरी तेच ते: तीच वेळ, मागच्या भिंतीचा तोच ॲन्टेना,
तीच चाळीस मिनिटं.
आणि दुसरं अक्षर कधी दोन, कधी सहा,
काल ए, परवा ई.
जाणकाराला एवढं पुरतं.
हे नाव कारखान्यात ठेवलेलं नाही,
आत्ता दारात उभं राहून घेतलंय.
याला कुळ विचारून उपयोग नाही.

तिला बाप आठवला.
सोव्हिएत दिवसांत स्वयंपाकघरात
रेडिओला कान लावून खरखरीतून
परदेशी बातम्या ऐकायचा,
आणि उठताना काटा फिरवून ठेवायचा
भलत्याच स्टेशनवर. रोज वेगळ्या.
कशाला, तिने एकदा विचारलं.
सकाळी चहाला कोण येईल सांगता येत नाही,
म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.

सिग्नल जिकडे वाढेल तिकडे ती चालत गेली
हातात फोन धरून, पाणाड्यासारखी.
मागच्या जिन्यावर, बॉयलरची वाफ निघते तिथे,
एक माणूस. फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला.
उणे नऊ, आणि हातमोजे काढून ठेवलेले.
ती हटकणारच होती, अहो,
मग दिसले हात.

बोटं बोलत होती. भरभर,
आणि पडद्यावरचे दुसरे हात
त्यांना मध्येच तोडत होते,
घरच्याच माणसांनी तोडावं तसे.
एक शब्द त्याने तीनदा केला.
तिसऱ्यांदा बोटं वळेनात.
त्यांवर तोंडाची वाफ सोडून
पुन्हा केला.

ती आली तशी मागे फिरली.

वहीत चौदाव्यापुढे रकाना, प्रकार:
लिहिलं, फोन.
मालक: लिहिलं, वाचक.
ओळख:
इथे पेन बराच वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पसरला. मग लिहिलं,
पटली.

मागच्या खिडकीला लोखंडी कपाट,
जुन्या सूचिपत्रांचं, वर्षानुवर्षं कुणी न हलवलेलं.
सिग्नलला लोखंड चालत नाही.
खांदा लावून तिने ते रेटलं,
वीतभर सरकलं.
उरलेलं शनिवारी, झिबुओक्लेला हाताशी घेऊन.