साईज

माझं काम सोपं आहे.
कॉलरच्या आत बोटभर पट्टी लावायची,
बत्तीस, चौतीस, छत्तीस,
आणि गठ्ठे वेगळे करायचे.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, पत्र्याखाली,
मे महिन्यात जिथं कापडालाही घाम फुटतो.

सोळा वर्षं मी शाळांची मापं लावली.
निळी चड्डी, चौकडीचा शर्ट.
आईबाप म्हणायचे, वाढत्या अंगाचं द्या,
दोन वर्षं तरी गेलं पाहिजे.
म्हणून आम्ही खाली तीन बोटं जास्तीचं दुमडून ठेवतो.

यंदा वाळूच्या रंगाचं कापड आलं.
चाळीस हजार जोड.
कागदावर देशाचं नाव नव्हतं, बंदराचं होतं.
शेठ म्हणाले, नाव काय करतो बे,
पैसे वेळेवर येतात.
आले. खोटं कशाला बोलू.
धाकटीची डिप्लोमाची फी त्यातूनच भरली,
गच्चीवर दुसरी टाकी बसवली,
पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडे.

छातीवर दोन खिसे, दंडावर एक,
मांडीवर मोठा, त्याच्या आत पुन्हा कप्पा.
बटणं राजमणी गुंडेटी लावते.
तिनं विचारलं, एवढ्यात काय ठेवतात रे?
मी म्हटलं, बिस्किटं असतील.
बटणावरून इथं एक कोटी करता येईल,
कुठल्यातरी गार खोलीत बसलेल्या बोटाची.
पण राजमणीच्या अंगठ्यातून सुई आरपार गेलेली आहे,
तिच्यासमोर ती करवत नाही.

आजोबा सांगायचे,
तीस साली, अशाच मे महिन्यात, गावात लष्कर उतरलं.
डोक्यावर पांढरी टोपी दिसली की धरायचे.
ते मागावरून उठून बोळात पळाले,
ताणा तसाच अर्धा.
खाकीचा रंग सांगायचे, पट्ट्याच्या चामड्याचा वास सांगायचे.
मी लहान होतो, गोष्ट म्हणून ऐकायचो.
आता रात्री पंखा बंद पडला की वाटतं,
ती खाकी कुठल्या गावात शिवली असेल?
तिथंही कोणी गठ्ठे लावत असेल,
त्याचीही धाकटी शिकत असेल.
त्याला कळलं असेल का
सोलापूर नावाचं काही आहे?

मग दुसरी ऑर्डर आली, त्याच रंगाची.
कागद मी दोनदा वाचला.
बेचाळीस, चव्वेचाळीस निम्मे केलेले.
चौतीस दुप्पट.
आणि खाली पेनानं वाढवलेलं: बत्तीसही पाठवा.
बत्तीस म्हणजे नववी ब.
सोळा वर्षांत ती छाती मला पाठ झाली आहे,
बरगड्या मोजता येणारी, मापाला उभं केलं की हसणारी.
मोठ्या अंगाची माणसं कुठं गेली
हे कागदावर नव्हतं.
मी पट्ट्या लावल्या.

गणपतीच्या आधी पांढरं आलं.
त्याच बंदरावर जायचं, पण पलीकडच्यांसाठी,
कुठल्याशा मदतसंस्थेकडून.
साधं सुती. खळ नको.
कडा मारायच्या नाहीत.
खिसा नाही, काज नाही,
राजमणी दोन दिवस बिनकामाची बसून होती,
हात मांडीवर पालथे ठेवून.
तिनं या वेळी काही विचारलं नाही.

साईज तीनच.
सव्वादोन मीटर. पावणेदोन.
खालची ओळ मी शेठना वाचून दाखवली,
टायपिंगमध्ये चुकलं असेल म्हणून.
त्यांनी चष्मा लावला,
बराच वेळ लावून ठेवला,
मग कागद माझ्याकडे सरकवला.

पाऊण मीटर.
अकराशे नग.

मी टेबलावर ताग्याचा पन्हा पसरला, खडूनं खूण केली
आणि खुणेच्या पुढं
सवयीनं
तीन बोटं सोडली.
कटिंगमास्तर इरण्णा म्हणाला, बे, कापड वाया जातंय की.
मी म्हटलं, जाऊ दे.
त्यानं कात्री हातात घेतली,
आणि तशीच धरून उभा राहिला.