टाका

लोरेनच्या भंगारवाल्याकडे लोखंड पौंडावर मिळतं.
मी फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन गेले,
वहिनीने पाठवलेलं, आंब्याच्या आकाराचं.
चिकटेल ते आपलं, असा हिशेब.

एमरी लाकातोश म्हणाला, चुंबक सगळं सांगत नाही.
जस्त चढवलेलं ठेव खाली, बादली असो की कुंपणाचा पाइप.
तापलं की पांढरा धूर, रात्री हुडहुडी,
आणि तोंडात नाणं चघळल्यासारखी चव.
चाळीस वर्षं पाइपाच्या गिरणीत काढली त्याने.
लाकातोश म्हणजे त्यांच्यात कुलुपं करणारा.
आणि एमरी? आमच्या कारखान्यात गंज घासायचा कागद होता
त्या नावाचा. हे मी त्याला सांगितलं
तर इतका हसला की दात सावरावे लागले.

टाकी कुणाच्या तरी तळघरातली,
हिवाळ्याचं तेल साठवणारी. घरात गॅस आला, ही बाहेर पडली.
तीन दिवस साबणाचं पाणी. मग काठोकाठ साधं पाणी,
आणि मगच कापायला घ्यायची,
कारण रिकाम्या टाकीत वास उरतो
आणि वासाला एक ठिणगी पुरते.
हे मला माहीत होतं.
माधवनगर रोडच्या दगडूमिस्त्रीच्या भुवया
अशाच गेल्या, परत उगवल्या नाहीत.

अण्णांचा कारखाना कपाटांचा. तिजोरीवाली, बिनतिजोरीची.
मी दारात उभी राहायची डबा घेऊन.
उजेडाकडे बघू नकोस, ते ओरडायचे,
म्हणून मी जमिनीवर पडलेला निळा उजेड बघायची.
घरात आईने टाका घालायला शिकवलं:
धावदोरा, हेम, काजं.
तिकडे भाऊ टाका मारायला शिकला.
शब्द एकच. दार वेगळं.

त्रेपन्नाव्या वर्षी, ओहायोतल्या एका गॅरेजात,
दिवसभर दातांच्या दवाखान्याची बिलं करून आल्यावर,
त्याने माझ्या डोक्यावर शिरस्त्राण ठेवलं.
म्हणाला, आधी चार कोपऱ्यांत टाके, मग शिवण,
नाहीतर पत्रा ओढला जातो.
हंगेरियन वळणाच्या इंग्रजीत हुबेहूब अण्णा.

बिजागऱ्या आधी लाव, मग चौथी बाजू काप,
हेही म्हणाला होता. मी ऐकलं नाही.
हात शिवशिवत होते.
चौथी बाजू सुटली आणि झाकण ताडकन उसळलं,
इतकी वर्षं गोल धरून ठेवलेला पत्रा
मोकळा झाला, आणि परत बसेना.
हातोडा, शिकंजा, दोघांचं वजन.
तरी एका बाजूला करंगळीएवढी फट.

मला वाटलं आता बोलणी बसतील.
तो खुर्चीत बसला. म्हणाला, राहू दे.
चरबी आणि काजळी मिळून बुजवतात ती.
पाच-सहा वेळा पेटव. धीर धर.

पहिला जाळ नुसता. आत काही शिजवायचं नाही,
फक्त तेल पाजायचं. तो चिंधी शोधत होता.
मी अर्धा कांदा काट्याला टोचला, तेलात बुडवला,
आणि बिडाचा तवा मुरवतात तशी
जाळी घासत गेले, दांडी दांडी.
तो वास घेत गप्प उभा होता. मग म्हणाला,
माझी आई बटाटा वापरायची.

रविवारी बोकडाची तंगडी. कांदा-लसूण मसाला रात्रभर लावलेला.
वादळात पडलेल्या चेरीचं लाकूड. सहा तास.
वरच्या जाळीवर चार वांगी सालीसकट, माझ्या हट्टापायी,
जी त्याने आधी पाहुण्यासारखी पाहिली
आणि नंतर बोटं चाटून संपवली.
फटीतून धूर येतच होता,
शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींकडे निघालेला.
चादरी आत घेतल्या गेल्या. शिवी ऐकू आली, मग ताट आलं.

पायांजवळचा माझा पहिला टाका अजून तसाच आहे,
बगळ्याने शीट टाकावी तसा, ओबडधोबड.
मी ग्राइंडर उचलला होता.
त्याने टाकी हलवून बघितली. हलली नाही.
कशाला घासतेस, म्हणाला.
धरलंय ना?